बॉनेटवरची जागा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझा पुतण्या मकरंद पुण्याहून आला, चकल्यांचा डबा पुढे ओढला आणि चौथी चकली संपल्यावर म्हणाला, "काका, तुमच्या मुदत ठेवीतले चार लाख मला वर्षभर द्याल का?"

सौ.च्या हातातल्या कपबशा वाजल्या. लग्न ठरले, की घर घेतो आहे? छे, तसले काही नव्हते. चिरंजीवांना रॅलीत मोटार हाकायची होती. मातीचे रस्ते, घाटाची वळणे, शेजारी वळणांची वही वाचून दाखवणारा जोडीदार आणि घड्याळाशी शर्यत! एका टायरवाल्याने टायर देऊ केले होते, एका गॅरेजवाल्याने मजुरी माफ केली होती. उरलेला खर्च अंगावर.

"खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला खर्डेकर सरांनी राहतं घर गहाण टाकलं होतं, काका." हे वाक्य त्याने पुण्याहूनच पाठ करून आणले असावे.

"अरे, कुस्तीला लंगोट लागतो. मोटारीला कारखाना लागतो," मी म्हणालो.

वाचकहो, हे मी ऐकीव सांगत नव्हतो. १९६८ च्या डिसेंबरात मी अकरा वर्षांचा होतो. वडील मला बंदराकडे घेऊन गेले, लंडन-सिडनी मॅरेथॉनच्या मोटारी बघायला. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ मोटारी निघाल्या होत्या. पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करीत त्यांतल्या सत्तरएक मुंबईला पोचल्या आणि 'चुसान' बोटीने ऑस्ट्रेलियाला जायच्या होत्या. धुळीने माखलेल्या, कुणाचा दिवा फुटलेला, कुणाचे दार पोचे पडलेले. आणि अंगभर चिकटवलेली नावे. ही नावे कशाला, असे मी विचारले. वडील म्हणाले, "ज्यानं तेल घातलं त्याचं नाव. देवळाच्या फरशीवर देणगीदाराचं असतं ना, तसंच!"

यापेक्षा सोपी व्याख्या मला पुढे कुठल्याही फायलीत सापडली नाही.

ती अख्खी शर्यतच मुळी लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस' आणि सिडनीच्या 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्रांची जाहिरात होती. पहिले बक्षीस १०,००० पौंडांचे. फोर्ड, ब्रिटिश लेलँड, सित्रोएन यांनी आपापली पथके उतरवली. रशियाच्या मॉस्कविच मोटारीही आल्या. अर्धे जग ओलांडून जी मोटार धड पोचते, तिला विकायला आणखी कुठले प्रशस्तिपत्र हवे? मुंबईत फोर्डचा रॉजर क्लार्क पुढे होता. ऑस्ट्रेलियात त्याच्या गाडीने मान टाकली. मग सित्रोएनचा ल्युसियँ बियांकी आघाडीवर आला आणि सिडनी हाकेच्या अंतरावर असताना नाउराजवळ समोरून आलेल्या मिनीवर त्याची गाडी आदळली. मागून येणारा पॅडी हॉपकर्क शर्यत सोडून मदतीला थांबला. जिंकला तो अँड्र्यू कोवन, रूट्स कंपनीच्या हिलमन हंटरमधून. हंटर म्हणजे घरातल्या चार माणसांना घेऊन बाजारहाट करावी अशी साधीसुधी गाडी! कंपनीला याहून मोठे भाग्य कोणते? बियांकी मात्र जखमी होऊन इस्पितळात गेला, आणि बरा होऊन पुढच्याच मार्चमध्ये ल मान्सच्या सरावात प्राणाला मुकला.

पुढे हा व्यवहार फारच पक्का झाला. लान्सियाच्या मोटारीवर अलितालिया या विमान कंपनीचे नाव झळकले, मग मार्टिनी मद्याचे पट्टे आले. १९८७ पासून ज्या मोटारी जागतिक अजिंक्यपदासाठी धावल्या त्यांना नियमच असा होता, की तसल्या ५,००० गाड्या वर्षभरात बनल्या पाहिजेत. म्हणजे शर्यत जिंकायची तर आधी दुकान मांडायचे! सुबारूच्या निळ्या गाडीवर '५५५' या सिगारेटचा आकडा होता. १९९५ साली कॉलिन मॅक्रे तिच्यातूनच जगज्जेता झाला.

आणि २००८ च्या डिसेंबरात, मंदीचे कारण सांगून, सुझुकी आणि सुबारू या दोघांनी दोन दिवसांच्या आत गाशा गुंडाळला. सुबारूचा पेटर सोल्बर्ग २००३ चा जगज्जेता. पण त्यालाही पुढच्या मोसमात स्वतःचे पथक काढून जुनी सित्रोएन चालवावी लागली. आपल्याकडे गौरव गिलच्या पाठीशी एमआरएफ टायर आणि स्कोडाची गाडी होती म्हणून २०१३, २०१६, २०१७ अशी आशिया-पॅसिफिकची तीन अजिंक्यपदे आली, २०१९ ला अर्जुन पुरस्कार आला. त्याच्या हातात कसब नव्हते असे कोण म्हणेल? पण असेच कसब असलेले आणि गाडी नसलेले किती जण असतील, त्यांची मोजदाद कोण ठेवतो!

एक जण मला ठाऊक आहे. मी फोर्टातल्या एका कंपनीत जाहिरात खात्याचा हिशेबनीस होतो. बॉनेटवरच्या नावाला किती, दारावरच्या नावाला किती, पहिला आल्यास वर किती, याचे तक्ते मीच करी. एका वर्षी नफा घसरला. साहेबांनी तांबडी पेन्सिल उचलली आणि पहिली रेघ रॅलीच्या रकमेवर मारली. करारात तशी मुभा होती. एक महिन्याची सूचना पुरेशी होती. ते पत्र मी टाइप केले. आठवड्याने तो मुलगा कचेरीत आला. भांडला नाही. आईच्या पाटल्या गहाण ठेवल्याची पावती त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, "निदान गिअरबॉक्सपुरते?" मी साहेबांकडे गेलोही नाही. 'बघतो' म्हणालो. गिअरबॉक्सची किंमत आजही मला तोंडपाठ आहे.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. मकरंद डब्याचे झाकण लावून गप्प बसला.

मग म्हणालो, "तुझ्या टायरवाल्याचा कागद आण." आणला. एकच पान होते. टायर किती, हे लिहिले होते. मोडतोड झाली तर कोण भरणार, मध्येच हात काढला तर काय, याबद्दल अक्षर नव्हते. दोघांनी बसून चार ओळी वाढवल्या: मोसम संपेपर्यंत माघार नाही, आणि घेतलीच तर उरलेल्या फेऱ्यांचे टायर आधी द्यायचे.

"तो सही करणार नाही, काका."

"मग माझ्या ठेवीवर त्याचं नाव कशाला रंगवायचं?"

टायरवाल्याने दोन ओळी मान्य केल्या, दोन खोडल्या. मी चारऐवजी दीड लाख दिले. गाडीच्या मागच्या काचेवर, कोपऱ्यात, मकरंदने माझे आडनाव लिहून घेतले आहे. सौ.ची तक्रार एवढीच, की पैसे तिच्याही ठेवीतले होते आणि नाव एकट्याचे.