अंगठा एकट्याचा, ओढ सगळ्यांची

एका लाइकमध्ये असं असतं तरी काय? काचेवर बोट टेकलं, लाल हृदय उमटलं, झालं. त्याला ना चव, ना वजन. तरी पंधरा वर्षांची मुलगी फोटो टाकल्यावर पुन्हापुन्हा फोन उघडून तोच आकडा बघत राहते आणि तो कमी दिसला की तिला जेवण जात नाही. 'मोबाइलचं वेड लागलंय' म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या क्षणी तिच्या मेंदूत जे घडत असतं ते समजून घेतलं, तर रागवायला उठलेला माणूसही जागीच थबकेल.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलामुलींना एमआरआय यंत्रात झोपवून पडद्यावर १४८ फोटो दाखवले. त्यांतले ४० ज्याचे त्याने आणलेले होते. प्रत्येक फोटोखाली लाइक्सचा आकडा होता. तुमच्याच वयाच्या मुलांनी हे लाइक्स दिलेत, असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते आकडे संशोधकांनीच ठरवलेले! एकच फोटो निम्म्यांना भरघोस लाइक्ससह दिसला, निम्म्यांना मोजक्या.

मग काय झालं? फोटो तोच, पण ज्यांना मोठा आकडा दिसला त्यांनाच तो जास्त आवडला. आणि स्वतःच्या फोटोखाली मोठा आकडा दिसला, की मेंदूत खोलवर असलेला न्यूक्लिअस अॅक्युम्बेन्स नावाचा इवलासा भाग जोरात कामाला लागला. चॉकलेट खाताना, पैसे जिंकताना जागं होणारं जाळं तेच! म्हणजे चव नसलेल्या त्या आकड्याला मेंदू खरोखर चव देतो.

पण हे याच वयात इतकं तीव्र का? त्यासाठी त्या मेंदूची घडण पाहावी लागेल. जे गीड या अमेरिकी संशोधकाने त्याच त्या मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं घेतली. १९९९ मध्ये त्यातून एक थक्क करणारी गोष्ट पुढे आली. मेंदूच्या पुढच्या भागातला करडा थर साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत वाढतो आणि नंतर चक्क पातळ होऊ लागतो! मूल शहाणं होण्याच्या वयात मेंदूतलं काही कमी व्हावं? तासगावच्या द्राक्षबागायतदाराला याचं नवल वाटणार नाही. छाटणी केल्याशिवाय घड धरत नाहीत, हे त्याला ठाऊक असतं. मेंदूही तेच करतो. ज्या जोडण्या वापरात आहेत त्या बळकट होतात, बिनवापराच्या गळून जातात. तेरा ते एकोणीस या वयात मूल दिवसभर जे करतं, त्यावरून काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरत असतं.

या बदलांचा वेग मात्र सगळीकडे सारखा नसतो. बक्षिसाला भुलणारा भाग वयात येतानाच जागा होतो. कपाळामागचा 'थांब, जरा विचार कर' म्हणणारा भाग पुरता पिकायला पंचविशी उजाडते. मधली दहा-बारा वर्षं ओढ मोठी आणि लगाम कच्चा. हा दोष म्हणायचा का? मुळीच नाही. आईबापाच्या पंखाखालून बाहेर पडून मुलाला उद्या आपल्या बरोबरीच्यांत जगायचं असतं. त्यासाठी सवंगड्यांच्या नजरेला या वयात जबरदस्त किंमत येते. २००५ मधल्या एका प्रयोगात मुलांना पडद्यावर गाडी चालवायचा खेळ दिला होता. एकटी असताना ती बऱ्यापैकी जपून चालवत. मित्र बघत उभे राहिले, की धोका पत्करण्याचं प्रमाण उसळलं. मोठ्या माणसांवर मात्र मित्रांच्या नजरेचा परिणाम जवळजवळ दिसला नाही!

आता या मेंदूच्या हाती फोन द्या. मित्र बघत आहेत, रात्रंदिवस, आणि त्यांच्या नजरेचा हिशेब आकड्यात मांडला जातो आहे.

त्यात आणखी एक भर आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांना फळांचा रस देऊन त्यांच्या मेंदूतल्या, डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची हालचाल टिपली. रस अचानक मिळाला की पेशी उसळत. ठरल्या खुणेनंतर नेमाने मिळू लागला की रसाला त्या दादही देत नसत. त्यांची उसळी खुणेवरच येई. खूण झाली आणि रस आलाच नाही, तर त्या गप्प होत. या पेशींना गोडीपेक्षा अनपेक्षिताची ओढ जास्त! आता फोनकडे बघा. खूण केव्हाही वाजते. पण आत काय असेल? कधी कौतुक, कधी काहीच नाही, कधी टोमणा. नेम नसलेलं बक्षीस हे सवय लावण्याचं सर्वांत हुकमी साधन आहे, हे मानसशास्त्राला १९५०च्या दशकापासून माहीत आहे. २००६ मध्ये एझा रास्किन या संगणक-रचनाकाराने कधीच न संपणारं पान रचलं आणि उठून जायची आठवण करून देणारा पानाचा शेवटच नाहीसा झाला. उठून जायची आठवण करून देणारा पानाचा शेवटच नाहीसा झाला.

मग फोन म्हणजे विषच म्हणायचं? थांबा. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती चाळली. २०१९ मध्ये त्यांनी मांडलं, की मुलांच्या समाधानातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरक स्क्रीनशी जोडता येतो. म्हणजे काहीच बिघडत नाही? सरासरीमागे बरंच काही लपतं. ऑर्बेन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधली माहिती वयाप्रमाणे वेगळी केली. मुलींमध्ये ११ ते १३, मुलांमध्ये १४ ते १५ आणि पुढे दोघांतही १९च्या सुमारास सोशल मीडिया वाढला, की वर्षभराने समाधान घटलेलं दिसलं. एकच फोन, एकच ॲप. पण नाजूक वर्षं मुलींची वेगळी, मुलांची वेगळी!

घटतं ते कशामुळे? फेसबुक २००४ पासून अमेरिकेत एकेका महाविद्यालयात टप्प्याटप्प्याने पोहोचलं. अर्थशास्त्रज्ञांनी या क्रमाचा फायदा घेतला. जिथे पोहोचलं आणि जिथे अजून पोहोचायचं होतं, अशा महाविद्यालयांची तुलना केली. फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांमधली नैराश्याची लक्षणं वाढली होती. मुख्य कारण होतं तुलना. दुसऱ्याचे निवडक, सजवलेले क्षण आणि आपला अख्खा दिवस यांची. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांतही हेच होतं. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची त्यात नोंद आहे.

दुसरं कारण झोप. वयात येताना झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. मूल मुद्दाम जागत नसतं, त्याचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. गरज आठ ते दहा तासांची, शाळा मात्र सकाळचीच. त्या आधीच उशिरा येणाऱ्या झोपेत उशाखालचा फोन आणखी वाटा मागतो.

आता सगळ्यांत मोठा चमत्कार. शिकागो विद्यापीठाच्या लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजाराहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं, चार आठवडे खातं बंद ठेवायला किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आलं: टिकटॉकसाठी ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. मग प्रश्न थोडा बदलला. तुमच्याबरोबर तुमच्या विद्यापीठातल्या इतरांचीही खाती बंद होणार असतील तर? आकडा कमी झाला असेल असं वाटतं ना? तो उलटला! सगळ्यांचं एकदम बंद व्हावं म्हणून टिकटॉकसाठी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर पदरचे मोजायला मुलं तयार होती.

जरा विचार करा. मुलांनाच सुटका हवी आहे, पण एकट्याने नको. एकट्याने फोन ठेवणं म्हणजे कळपाबाहेर पडणं, आणि या वयाच्या मेंदूला त्याहून मोठी शिक्षा नाही. म्हणूनच 'तू ठेव बघू तो फोन' हे वाक्य घराघरात हरतं.

मग सगळ्यांनी एकदम फोन ठेवला तर? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ते करून दाखवलं. टाळेबंदीत फोनला चिकटलेली मुलं शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवलं, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत सगळ्या गावाचे मोबाइल आणि टीव्ही बंद. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि निवृत्त शिक्षक घरोघर समजावत फिरले. या नियमाची ताकद एका शब्दात आहे: 'सगळ्या'. भोंगा आईबाबांनाही लागू, मित्रालाही लागू. त्या दीड तासात कुणाचं काही चुकत नाही, कारण तिकडे कुणी नसतंच.

पुढची वाट इथूनच दिसते. मुलाच्या वर्गातल्या चार-पाच घरांनी मिळून ठरवावं, की रात्री अमुक वाजता फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला, आईबाबांचेही. पहिलं खातं केव्हा उघडायचं, हेही मिळूनच ठरवा. सूचनांचे आवाज बंद करा. 'किती वेळ बघितलंस?' ऐवजी 'बघून झाल्यावर कसं वाटलं?' असं विचारा आणि उत्तर मधे न तोडता ऐका. मैदान, नाटक, ढोलपथक, जिथे सवंगडी प्रत्यक्ष भेटतात तिथे मुलांना जाऊ द्या. त्यांच्या मेंदूला हवे असतात ते सवंगडी. फोन ही त्यांच्यापर्यंतची एक वाट आहे. आणि मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही चालतो.

एकट्या मुलाच्या मनोनिग्रहावर ही लढाई सोडू नका. आज रात्री मुलाला रागवण्याऐवजी त्याच्या मित्राच्या आईला फोन करा आणि विचारा: आपण दोघी मिळून सुरू करूया का?