तळ्यासाठी दारोदार फिरलेल्या बायका

लेकीच्या बाळंतपणाला सिअ‍ॅटलला जाऊन आलेल्या कुणाही आईला विचारा, ती ‘लेक वॉशिंग्टन’बद्दल भरभरून बोलेल. जावई शनिवारी घेऊन गेला, मोठा नातू पाण्यात मनसोक्त डुंबला, काठावर बसून घरून नेलेले पराठे खाल्ले. सिअ‍ॅटल आणि बेलव्ह्यू या दोन शहरांच्या मधोमध पसरलेलं हे मोठं थोरलं तळं. आणि मग एक उसासा ठरलेला, ‘‘तिकडची माणसंच शिस्तीची गं. आपल्याकडे कुठलं जमायला!’’

मैत्रिणींनो, या उसाशाचं मला भारी नवल वाटतं. कारण १९५०च्या दशकात हेच पाणी इतकं बिघडलं होतं, की पोहणं धोक्याचं आहे अशा पाट्या तिथे काठावर लागल्या होत्या. शिस्तीची माणसं तेव्हाही तिथेच राहत होती!

झालं होतं असं, की महायुद्धानंतर तळ्याभोवती गावं वाढली. प्रत्येक गावानं आपापलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधलं आणि शुद्ध केलेलं पाणी तळ्यात सोडलं. अशी दहा-अकरा केंद्रं होती. आता शुद्ध केलेलं पाणी सोडलं तर बिघडलं कुठे, असं कुणालाही वाटेल. पण त्या प्रक्रियेत घाण कमी व्हायची, फॉस्फरस मात्र बराचसा पाण्यातच राहायचा. फॉस्फरस म्हणजे शेवाळाचं खत. कुंडीला खत घातलं की तुळस कशी तरारते, तसं तळ्यात शेवाळ तरारलं. मग ते मरायचं, कुजायचं आणि काठावर नाक धरायची वेळ यायची.

वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली या पाण्यात एक विशिष्ट शेवाळ सापडलं. स्वित्झर्लंडमधलं झुरिकचं सरोवर बिघडलं, तेव्हा तिथेही हेच दिसलं होतं. पुढे काय होणार हे एडमंडसन यांनी सांगितलं. पण नुसतं सांगून काय होतं? एकेका गावाच्या हातात काही नव्हतं. सगळ्यांनी मिळून एक मोठी सांडपाणी यंत्रणा उभारायची, तर त्यासाठी खर्च आला, नवी संस्था आली आणि लोकांचं मतदान आलं.

खरी गोष्ट इथेच सुरू होते. जेम्स एलिस नावाच्या वकिलानं पुढाकार घेतला. त्यांच्या बरोबरीनं उतरल्या त्या ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ या महिला मतदारांच्या संघटनेतल्या बायका. घरोघरी जायचं, बेल वाजवायची आणि समोरच्या बाईला समजावून सांगायचं, की तुमच्या न्हाणीघरातून गेलेलं पाणी शेवटी तुमची मुलं पोहतात तिथे येतं. प्रचारात एक फोटो गाजला. धोक्याच्या पाटीपाशी उभी असलेली मुलं, बस्स. हजार आकडे सांगून जे होत नाही ते अशा एका फोटोनं होतं.

तरी मार्च १९५८मध्ये प्रस्ताव पडला. सिअ‍ॅटलनं ‘हो’ म्हटलं, बाहेरच्या गावांनी ‘नाही’. आणखी एक सरकार कशाला डोक्यावर, आणखी कर कशाला, असा त्यांचा सूर. मला तो अगदी ओळखीचा वाटतो, आपल्या सोसायटीच्या मीटिंगमधला! पण कार्यकर्ते घरी बसले नाहीत. वाहतूक, नियोजन वगैरे बाकीचे विषय काढून टाकले, फक्त सांडपाणी ठेवलं, हद्द आखडती घेतली आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा मत मागितलं. या वेळी मिळालं.

१९६३ ते १९६८ या काळात एकेक केंद्राचं पाणी तळ्यापासून वळवलं गेलं. पाणी किती निवळलं हे मोजायची रीत साधी आहे. ताटलीएवढी पांढरी किंवा काळी-पांढरी चकती दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते बघायचं. १९६४च्या उन्हाळ्यात ती जेमतेम एका मीटरवर नाहीशी व्हायची. १९७६ साली सात मीटरच्या खालीही दिसली! एक सांगायला हवं, की ते पाणी काही हवेत विरलं नाही. प्रक्रिया करून शेवटी समुद्राकडेच सोडलं. तेवढा दोष त्यांच्याकडे राहतोच. आणि आजही उन्हाळ्यात तिथल्या पोहण्याच्या जागांचं पाणी दर आठवड्याला तपासतात, जंतू वाढले की ती जागा बंद करतात.

आता कोल्हापूरच्या रंकाळ्याकडे बघा. संध्याकाळी फिरायला, भेळ खायला, नातवंडांना नावेत बसवायला अख्खं गाव तिथे. इथल्या बायकांना काही जमत नाही, असं कोण म्हणेल? गणपतीची मूर्ती आणि निर्माल्य दान करायचं कोल्हापूरनं किती आधीपासून अंगवळणी पाडून घेतलं! आता तर विसर्जन शेजारच्या इराणी खणीत होतं. देवाच्या बाबतीतली सवय बदलणं सगळ्यात अवघड, तेही घराघरांतून झालं. काठावर प्लास्टिक वेचायलाही लोक येतात.

पण शाम सोसायटीच्या नाल्यातून, परताळ्याच्या बाजूनं सांडपाणी येत राहिलं, तर वरून जलपर्णी कितीही उपसा, तिचं खत खालून चालूच असतं. वेचलेलं प्लास्टिक फोटोत दिसतं, फॉस्फरस दिसत नाही. म्हणून मूर्तिदानासाठी ज्या भगिनी घाटावर उभ्या राहिल्या, त्यांनीच नगरसेवक मत मागायला दारात आला की विचारावं, ‘‘दादा, आमच्या मोरीचं पाणी नक्की कुठे जातं? आणि तो नाला कधी वळवणार?’’ तारीख मागून घ्यावी. आणि दर महिन्याला एक पांढरी ताटली दोरीला बांधून नावेतून पाण्यात सोडावी, किती हातांवर दिसेनाशी झाली ते वहीत लिहून ठेवावं. पुढच्या वेळी तोच दादा आला, की वही पुढे करता येईल.