रिंग फ्लॅश घेताय? आधी अंतर मोजा

घरातल्या ज्येष्ठांचा एक तरी नीट फोटो असावा, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण तो काढायचा मुहूर्त बहुतेक वेळा साठीशांत किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीच लागतो. पाहुण्यांच्या गर्दीत, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला तोच फोटो पुढे कित्येक वर्षं भिंतीवर राहतो. म्हणून तो दिवस जवळ आला की घरातलं कुणीतरी मोबाइलवर 'रिंग फ्लॅश' शोधायला बसतं. समोर ढीगभर पर्याय येतात. दिसायला सगळे गोल, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. त्यातला कोणता घ्यायचा? उत्तर ब्रँडवर कमी आणि एका साध्या प्रश्नावर जास्त अवलंबून आहे: तुम्ही चेहऱ्यापासून किती अंतरावर उभे राहणार आहात?

हे समजून घ्यायला आपण तमिळनाडूत, तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडुला जाऊ.

ओरत्तनाडुच का?

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाताना लागणारं हे गाव मराठी माणसाला परकं नाही. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी इथे मुक्तांबाळ छत्र बांधलं. वाटसरूंच्या राहण्या-जेवणाची सोय करणारी ही धर्मशाळा त्यांच्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने उभी आहे. तंजावर परिसरात आजही तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं आहेत.

प्रकाश आणि चेहरा या विषयाशीही सरफोजींचा संबंध लागतो. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. रुग्णाचा डोळा नेमका कसा दिसत होता, हे कागदावर उतरवण्यासाठी तेव्हा चित्रकार लागत असे. पुढे हे काम कॅमेऱ्याकडे आलं आणि रिंग फ्लॅशचा जन्मही अशाच गरजेतून झाला. १९५२ मध्ये लेस्टर डाइन यांनी तो दातांचे फोटो काढण्यासाठी तयार केला. तोंडाच्या आत बाजूने प्रकाश टाकला की गालाची, ओठाची सावली पडते. प्रकाश लेन्सभोवती गोल लावला की ती सावली जाते. १९६२ मध्ये निकॉनने वैद्यकीय कामासाठी रिंग फ्लॅश बसवलेली लेन्सच बाजारात आणली. फॅशन फोटोग्राफरांनी हा प्रकाश चेहऱ्यांवर वापरायला सुरुवात केली ती नंतर.

म्हणजे रिंग फ्लॅश मुळात अगदी जवळून बघण्यासाठी बनला. खरेदी करताना ही गोष्ट विसरली की पैसे वाया जातात.

एका नावाच्या तीन वस्तू

बाजारात 'रिंग' या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, मॅक्रो रिंग फ्लॅश. ही छोटी कडी लेन्सच्या तोंडावर बसते. फुलं, किडे, दागिने, दात यांच्यासाठी ती उत्तम. उदाहरणार्थ, कॅननच्या एमआर-१४ईएक्स टू या फ्लॅशचा गाइड नंबर १४ आहे. गाइड नंबरला ॲपर्चरने भागलं की पूर्ण ताकदीवर प्रकाश किती मीटर पोहोचेल ते कळतं. आयएसओ १०० आणि एफ ५.६ धरलं तर १४ भागिले ५.६, म्हणजे अडीच मीटर. प्रकाश पोहोचतो खरा, पण एवढी लहान कडी दोन मीटरवरून एका ठिपक्यासारखी वागते. चेहऱ्यावर साध्या फ्लॅशसारखाच कडक उजेड पडतो आणि रिंगची खासियत हरवते.

दुसरी, पोर्ट्रेटचा मोठा रिंग फ्लॅश. याच्या मधल्या भोकातून लेन्स बाहेर काढून फोटो घेतात. गोडॉक्सचा एआर४०० हा बॅटरीवर चालणारा, ४०० वॉट-सेकंद ताकदीचा फ्लॅश या प्रकारातला. साध्या फ्लॅशवर चढवायचे गोल ॲडॅप्टरही मिळतात. ते स्वस्त पडतात, पण फ्लॅशचा बराच प्रकाश त्यांच्यातच अडकतो.

तिसरी, एलईडी रिंग लाइट. आपण रील्समध्ये बघतो ती. हा फ्लॅश नाहीच, सतत जळणारा दिवा आहे. मोबाइलवर फोटो काढणार असाल तर तुमच्या कामाची वस्तू हीच. कॅमेऱ्याचे बाहेरचे फ्लॅश सहसा मोबाइलशी जुळत नाहीत. मोबाइलने फोटो टिपला त्या क्षणी फ्लॅश पेटलेलाच नसतो.

अंतराचं गणित

प्रकाशाचा एक नियम लक्षात ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. आजी एक मीटरवर बसल्या आहेत आणि नातू त्यांच्या मागे दोन मीटरवर उभा आहे, तर नातवाच्या वाट्याला आजींच्या चौथाई उजेड येतो. आजी पांढऱ्याफटक, नातू अंधारात! दोघांना तीन आणि चार मीटरवर घेतलं तर फरक निम्म्याहून कमी राहतो. पण तेवढ्या अंतरावर रिंग लहान दिसते आणि तिचा मऊपणा जातो. म्हणून रिंगचा प्रकाश एकट्याच्या किंवा गालाला गाल लावून बसलेल्या दोघांच्या फोटोसाठी. पंचवीस जणांच्या कुटुंबाच्या फोटोसाठी ती घेऊ नका.

आकाराचंही तसंच. अठरा इंची, म्हणजे साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरची रिंग तीन फुटांवर ठेवली तर डोळ्यांच्या बुबुळात सुंदर गोल चमक दिसते आणि त्वचा मऊ वाटते. तीच रिंग आठ फुटांवर नेली की चमक बारीक होते. दहा इंची रिंग व्हिडिओ कॉलला पुरते, पोर्ट्रेटला कमी पडते.

चष्मा, चमकी आणि काचेची चौकट

आता ओरत्तनाडुतल्या एखाद्या जुन्या घराची कल्पना करा. पुढे ओटा, आत कौलारू छपराखाली मोकळा चौक, भिंतीवर सोन्याचा वर्ख लावलेलं तंजावर शैलीचं चित्र. समोर रेशमी साडीतल्या आजी, नाकात चमकी, डोळ्यांवर चष्मा. रिंग फ्लॅशची खरी परीक्षा इथेच होते.

• चष्मा : समोरून टाकलेली रिंग चष्म्याच्या काचेत दोन पांढऱ्या बांगड्यांसारखी दिसते. रिंग थोडी वर घ्या, हनुवटी किंचित खाली करायला सांगा किंवा चष्म्याच्या काड्या कानावर जराशा उचला. काचा खाली झुकतात आणि बांगड्या निघून जातात.

• चित्राची काच : काचेच्या चौकटीसमोर उभं करून फोटो काढलात तर फ्लॅश मागे दिसणारच. माणसाला बाजूला घ्या किंवा काचेच्या तिरक्या रेषेत उभे राहा.

• भिंतीवरची सावली : माणूस भिंतीला चिकटून उभा असेल तर त्याच्याभोवती काळी कड उमटते. फॅशनच्या फोटोत ती मुद्दाम ठेवतात, आजींच्या फोटोत बरी दिसत नाही. भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे बसवा.

• लाल डोळे : प्रकाश लेन्सच्या अगदी जवळ असल्याने अंधाऱ्या खोलीत डोळे लाल येऊ शकतात. खोलीतले दिवे लावून ठेवा. बाहुल्या आकुंचन पावतात आणि लाली कमी होते.

• तेल आणि घाम : समोरचा प्रकाश कपाळावरची चकाकी वाढवतो. टिपकागदाने चेहरा हलकेच टिपून घ्या.

सुरकुत्या पुसायच्या की ठेवायच्या?

समोरून येणारा गोल प्रकाश सुरकुत्यांच्या सावल्या भरून काढतो. म्हणून चेहरा तरुण दिसतो, पण सपाटही होतो. गालाचा उंचवटा, नाकाचा उतार, आयुष्यभराच्या हसण्याने डोळ्यांच्या कडेला पडलेल्या रेषा, सगळं पुसट होतं. सावळ्या त्वचेचं सौंदर्य तर प्रकाश आणि सावलीच्या चढउतारातच असतं. कॅमेरा तो चेहरा मुद्दाम उजळवू लागला की रंग राखाडी पडतो.

यावर एक सोपा उपाय आहे. आजींना ओट्यावर किंवा चौकाच्या कडेला सावलीत बसवा. आकाशाचा उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येऊ द्या. तोच मुख्य प्रकाश. रिंग समोर ठेवा, पण तिची ताकद मुख्य प्रकाशाच्या साधारण चौथाईवर आणा. सावल्या काळ्याकुट्ट होत नाहीत आणि चेहऱ्याची घडणही टिकते. एलईडी रिंग असेल तर तिचा रंग ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा दिसेल. उन्हात मात्र छोट्या एलईडी रिंगचा काहीच उपयोग नाही. तिथे खरा फ्लॅशच हवा.

विकत घेण्याआधी हे तपासा

• कॅमेरा कोणता? मोबाइल असेल तर एलईडी. कॅमेरा असेल तर फ्लॅश त्याच कंपनीच्या कॅमेऱ्याशी जुळतो का आणि रिंगच्या भोकातून तुमची लेन्स जाते का, हे पाहा.

• सीआरआय किती? एलईडीचा हा आकडा ९५ किंवा जास्त असावा. कमी असेल तर त्वचा आणि साडीचे रंग फिके येतात.

• दिवा लुकलुकतो का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. हलक्या दर्जाच्या दिव्याखाली फोटोत आडवे पट्टे येतात. दुकानातच शटर १/१००० सेकंदावर ठेवून एक फोटो काढून बघा.

• बॅटरी आहे का? १६ नोव्हेंबर २०१८ ला आलेल्या गाजा चक्रीवादळाने ओरत्तनाडु भागातली नारळाची झाडं आडवी केली आणि वीजही गेली. एवढं संकट रोज येत नाही, पण ऐन समारंभात दिवे जाणं आपल्याकडे नवं नाही.

• मुलं आहेत का? हलणारं मूल एलईडीत धूसर येतं, फ्लॅश मात्र क्षण गोठवतो. तान्ह्या बाळासाठी डोळ्यांसमोर फ्लॅश चमकवण्यापेक्षा खिडकीचा उजेड बरा.

मग कुणी काय घ्यावं?

घरगुती फोटो, रील्स आणि व्हिडिओ कॉल मोबाइलवरच करणार असाल तर स्टँडसह अठरा इंची एलईडी रिंग पुरेशी आहे. दागिने किंवा फुलांचे फोटो हा छंद किंवा व्यवसाय असेल तर मॅक्रो रिंग फ्लॅश घ्या. पोर्ट्रेटचा व्यवसाय करायचा असेल तरच मोठा रिंग फ्लॅश परवडतो. तोही आधी एका दिवसासाठी भाड्याने आणून घरच्याच माणसावर वापरून बघा.

आणि वर्षातून एकदाच, आजी-आजोबांचा एकच फोटो काढायचा असेल तर? मग पैसे राखून ठेवा. सकाळी नऊच्या सुमारास त्यांना ओट्यावर किंवा खिडकीशी बसवा, दुसऱ्या बाजूला पांढरं धोतर किंवा चादर धरायला कुणाला तरी उभं करा आणि त्यांना त्यांच्या लहानपणाची एखादी गोष्ट विचारा. समारंभाच्या दिवसाची वाट कशाला बघायची? हा फोटो येत्या रविवारीही काढता येईल.