विश्लेषण : इराणसाठी उभे राहिलेले कुद्रेमुख रिकामे कसे झाले?

शृंगेरी-होरनाडूच्या वाटेवर, पश्चिम घाटातल्या गवताळ डोंगरांमध्ये आजही एक वसाहत दिसते. आखलेले रस्ते आहेत, कामगारांच्या घरांच्या रांगा आहेत, पण बहुतेक घरांना कुलपे आहेत आणि अनेकांची छपरे पावसाने खचली आहेत. कर्नाटकातील चिक्कमगळूरू जिल्ह्यातल्या या गावाचे नाव कुद्रेमुख. लोहखनिजासाठी ते वसले आणि खाण बंद होताच ओस पडले.

खनिज सापडले कधी?

इथल्या डोंगरात लोह असल्याचे १९१३ मध्येच भूवैज्ञानिक संपत अय्यंगार यांनी नोंदवले होते. मात्र हे मॅग्नेटाइट कमी प्रतीचे, त्यात लोहाचे प्रमाण साधारण ३८ टक्के. ते काढून, शुद्ध करून बंदरापर्यंत नेणे परवडणारे नव्हते. त्यामुळे सहा दशके डोंगर तसाच राहिला.

मग इराण कुठून आला?

१९७०च्या दशकात तेलाच्या पैशाने श्रीमंत झालेल्या इराणच्या शहाला पोलादाचे कारखाने उभारायचे होते. त्याने कुद्रेमुखसाठी ६३ कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. बदल्यात दरवर्षी ७५ लाख टन शुद्ध केलेले खनिज इराणला जायचे होते. १९७६ मध्ये ‘कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी’ स्थापन झाली आणि मल्लेश्वर या छोट्या वस्तीच्या जागी नगर उभे राहू लागले. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, शहा परागंदा झाला. कर्जाचे उरलेले हप्तेही थांबले आणि ठरलेला गिऱ्हाईकही गेला! भारताने स्वतःच्या पैशाने प्रकल्प पुरा केला आणि नवे खरेदीदार शोधले.

खनिज घाटाखाली कसे जायचे?

डोंगर फोडायचा, दगडाची पीठासारखी पूड करायची, चुंबकाने लोह वेगळे करायचे आणि पाणी मिसळून तो गाळ ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून थेट मंगळूरूच्या बंदराकडे सोडायचा. उतार असल्याने गुरुत्वाकर्षणच बरेचसे काम करी. अभियांत्रिकी म्हणून हे काम खरोखरच देखणे होते. अडचण उरलेल्या पुडीची होती. फोडलेल्या दगडातला निम्म्याहून अधिक भाग टाकाऊ. तो अडवण्यासाठी लक्या ओढ्यावर सुमारे १०० मीटर उंचीचे धरण बांधले गेले.

विरोध कशामुळे झाला?

तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या याच डोंगररांगेत उगम पावतात. तुंगा आणि भद्रा मिळून झालेली तुंगभद्रा पुढे आपल्या महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेला मिळते. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या खाणीवर एवढा पाऊस कोसळला की माती भद्रेत जाणारच. धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांची तक्रार हीच होती. त्यात १९८७ मध्ये आजूबाजूचे जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. सिंहपुच्छ वानरांचे हे महत्त्वाचे आश्रयस्थान. म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात सरकारी कंपनीची खाण, आणि दोन्हींवर शिक्का सरकारचाच!

न्यायालय काय म्हणाले?

खाणपट्ट्याची ३० वर्षांची मुदत १९९९ मध्ये संपली. कंपनीला मुदतवाढ हवी होती. निवृत्त वनाधिकारी के. एम. चिन्नप्पा आणि ‘वाइल्डलाइफ फर्स्ट’ सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० ऑक्टोबर २००२ रोजी निकाल लागला : आधीच फोडलेल्या जागेतच आणि २००५ अखेरपर्यंतच खाणकाम करता येईल. त्याप्रमाणे २००५ च्या शेवटी यंत्रे थांबली.

गावाचे काय झाले?

कंपनी टिकली. तिचा मंगळूरूचा पेलेट कारखाना बाहेरून खनिज आणून चालवण्यात आला. गाव मात्र टिकले नाही, कारण तिथे दुसरा रोजगारच नव्हता. कामगार बदली होऊन किंवा नोकरी सोडून गेले. त्यांच्यामागे दुकानदार गेले आणि शाळेतली मुलेही. ज्यांचे बालपण या वसाहतीत गेले, त्यांना दाखवायला आता गाव नाही. पर्यावरणाचा विजय सांगताना ही किंमत सहसा कोणी मोजत नाही.

पुढे काय?

रिकाम्या इमारतींमध्ये पर्यटन सुरू करण्याच्या कल्पना अधूनमधून पुढे येतात. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर असे काही करणे आणखी अवघड झाले आहे. लक्या धरण मात्र सोडून जाता येत नाही. २५ वर्षांचा गाळ त्याच्या मागे साचला आहे. नगर रिकामे झाले तरी दर पावसाळ्यात त्या भिंतीवर कोणाला तरी लक्ष ठेवावेच लागते.