प्रवाळांच्या टाकीतील तपकिरी चिकटा : कारण व उपाय

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने समुद्रातील सूक्ष्म जीवांविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. आम्ही विज्ञानाचे पदवीधर नाही. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात बसून आणि जाणत्या मंडळींना प्रश्न विचारून. अशा माणसाला एक सवय लागते. अवघड शब्द समोर आला की तो फोडून पाहायचा. आजचा शब्द तसाच आहे : डायनोफ्लॅजेलेट. त्याच्या पहिल्या भागातील ग्रीक शब्दाचा अर्थ गरगर फिरणे आणि दुसऱ्या भागातील लॅटिन शब्दाचा अर्थ चाबूक. चाबूक हलवीत गरगर फिरणारा जीव, एवढाच त्या लांबलचक नावाचा मतितार्थ.

हा जीव एका पेशीचा. डोळ्यांना तो दिसत नाही. त्याची लांबी सामान्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापासून दहाव्या हिश्शापर्यंत भरते. त्याला दोन चाबूक असतात. एक कमरेभोवतीच्या खाचेत वळवळतो, दुसरा मागे शेपटीसारखा लोंबतो. ह्या कुळातील सुमारे निम्म्या जाती वनस्पतीप्रमाणे प्रकाशावर अन्न तयार करतात, बाकीच्या इतर जीवांना खाऊन राहतात, आणि कित्येक दोन्ही मार्गांनी पोट भरतात. हे दोन्ही मार्गांनी पोट भरणे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री लाटा निळसर चमकताना ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांनी ह्याच कुळातला नॉक्टिल्युका नावाचा जीव पाहिला आहे. ह्याच कुळातील काही जाती समुद्रात बेसुमार वाढल्या म्हणजे पाणी तांबडे दिसू लागते आणि तेथील कालवे-शिंपल्या खाणे माणसाला विषारी ठरते. आणि ह्याच कुळातील काही जीव प्रवाळांच्या शरीरात राहून त्यांना पोसतात. प्रवाळ हा प्राणी आहे. पण त्याच्या अन्नाचा मोठा वाटा त्याच्या पेशींत राहणारे हे तपकिरी भाडेकरू प्रकाशावर तयार करतात. समुद्र फार तापला की प्रवाळ ह्या भाडेकरूंना गमावतो आणि पांढरा पडतो. १९९८ साली जगातील अनेक समुद्रांत हेच झाले. तात्पर्य, एकाच कुळात पोशिंदाही आहे आणि मारेकरीही आहे. घरातल्या टाकीवरील संकट समजून घ्यायचे तर हे आधी समजले पाहिजे.

आता टाकीकडे वळू. घरात काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी, खडक, मासे आणि जिवंत प्रवाळ ठेवण्याचा छंद अमेरिका, जर्मनी, जपान इत्यादी देशांत बराच पसरला आहे. इंडोनेशियातील ली चिन एंग ह्या गृहस्थांनी १९६१ साली समुद्रातील जिवंत खडक टाकीत ठेवून पाणी निरोगी राखण्याची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनमधील हौशी मंडळींनी तीत फेस काढणाऱ्या यंत्राची भर घातली. त्या खडकांच्या भेगांतील असंख्य सूक्ष्म जीव माशांची घाण पचवतात. टाकी चालते ती त्यांच्या जिवावर. आपल्याकडे मात्र समुद्रातून प्रवाळ किंवा जिवंत खडक काढणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळांचा समावेश आहे. मालवणच्या समुद्रातला खडक उचलून कोणी टाकीत घालू पाहील, तर त्याने वेळीच सावध व्हावे.

अशा टाकीवर पुष्कळ पैसा आणि त्याहून अधिक वेळ खर्च होतो. पगारातून बाजूला काढलेल्या पैशांतून एकेक वस्तू घेऊन माणूस ती उभी करतो. मग एके दिवशी वाळूवर तपकिरी डाग दिसतो. आठवड्याभरात खडकांवरून आणि प्रवाळांच्या टोकांवरून तपकिरी तंतू लोंबू लागतात. त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. रात्री दिवे मालवले की चिकटा बराच ओसरतो, सकाळी टाकी स्वच्छ भासते, आणि दुपारपर्यंत सगळे पूर्ववत्. गोगलगायी मरू लागतात. धनी हवालदिल होतो, अधिक स्वच्छता करतो, अधिक पाणी बदलतो. आणि चिकटा अधिकच वाढतो.

असे का व्हावे? येथेच ह्या विषयाचे मर्म आहे. ज्या टाक्यांत हा उपद्रव हट्टाने टिकतो, त्यांतील पुष्कळशा टाक्या घाणेरड्या नसून फाजील स्वच्छ असतात. पाणी तपासले तर नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य. धन्याला वाटते, आपण उत्तम काम केले. वस्तुतः नायट्रेट आणि फॉस्फेट हे सूक्ष्म वनस्पतींचे आणि जीवाणूंचे खाद्य आहे. समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या शरीरात कार्बनचे १०६ अणू असले तर नायट्रोजनचे १६ आणि फॉस्फरसचा १, असे प्रमाण सरासरीने आढळते, हे आल्फ्रेड रेडफील्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या संशोधनातून जगापुढे आले. ह्यांतले एक जरी संपले तरी वाढ खुंटते. फॉस्फेट शोषणारी रसायने, जोरदार फेसयंत्र आणि मोजून-मापून दिलेले अन्न ह्यांनी पाणी निःसत्त्व झाले की हिरवे शेवाळ, डायटम आणि उपयोगी जीवाणू उपाशी पडतात. डायनोफ्लॅजेलेट मात्र तग धरतो, कारण त्याला दोन्ही मार्ग खुले आहेत. पाण्यात खाद्य नसले तर तो जीवाणू गिळतो. इतरांनी सोडलेली जागा त्याला आयती मिळते.

नवीन, कोरड्या आणि निर्जीव खडकांवर उभारलेल्या टाकीत हा धोका विशेष. तिथे जागा धरून बसलेली वस्तीच नसते. आमच्या क्षेत्रातही आम्ही हेच पाहत आलो आहोत : ज्या खात्यात कोणाचेच संघटन नाही, तिथे पहिला दांडगा येतो तोच मुकादम होऊन बसतो. त्याला नुसते हुसकावून भागत नाही. त्या जागी चार भली माणसे बसवावी लागतात.

उपायांपूर्वी निदान हवे. प्रत्येक तपकिरी थर हा डायनोफ्लॅजेलेट नव्हे. नव्या टाकीत डायटमचा तपकिरी भुरका येतो तो बहुधा आपोआप जातो. सायनोबॅक्टेरियाचा थर तांबूस, पत्र्यासारखा, आणि सोलला तर सलग निघतो. संशय असेल तर थोडा चिकटा टाकीच्याच पाण्यासह बाटलीत घ्यावा, जोराने हलवून फुटू द्यावा, गाळणकागदातून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवावे. त्यात पुन्हा तंतू जमले तर डायनोफ्लॅजेलेट असण्याचा संभव मोठा. त्याहून खात्रीचा मार्ग सूक्ष्मदर्शकाचा. चारशेपट मोठे दाखवणारे साधे यंत्र पुरते. थेंबाच्या आकाराचा जीव, एका टोकाला बांधल्यासारखा गोल फिरत असेल, तर तो ऑस्ट्रिऑप्सिस. चपटा, अंडाकृती जीव सरळ घसरत जात असेल, तर तो अँफिडिनियम. ह्या दोघांची राहणी निराळी, म्हणून उपायही निराळा.

पहिला उपाय दोघांनाही लागू आहे : पाण्यात खाद्य परत आणणे. फॉस्फेट शोषणारे रसायन काढून टाकावे, फेसयंत्र कमी चालवावे, माशांना थोडे अधिक खाऊ घालावे. एवढ्याने भागले नाही तर मोजून क्षार घालावेत. नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम, ही मर्यादा अनुभवी मंडळी पाळतात. २०० लिटरच्या टाकीचा हिशेब करू. लिटरला ५ मिलिग्रॅम म्हणजे एकूण १ ग्रॅम नायट्रेट. त्यासाठी शुद्ध सोडियम नायट्रेट सुमारे १.४ ग्रॅम लागेल. हे एकदम न घालता दोन-तीन दिवसांत विभागून घालावे आणि रोज पाणी तपासावे. फॉस्फेट घातले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य दिसेल, कारण कोरडे खडक ते शोषून घेतात. तेव्हा आकडा टिकेपर्यंत धीराने घालत राहावे. ह्या काळात पाणी बदलणे थांबवलेले बरे, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

दुसरा उपाय अतिनील दिव्याचा. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री खडक सोडून पाण्यात तरंगतो. म्हणूनच सकाळी टाकी स्वच्छ दिसते. त्या वेळी पाणी अतिनील दिव्याच्या नळीतून सावकाश फिरवले तर तो मरतो. दर दहा-बारा लिटरमागे एक वॅट, हा ठोकताळा; म्हणजे २०० लिटरला सुमारे २० वॅट. पाणी मुख्य टाकीतूनच घ्यावे. अँफिडिनियम मात्र रात्री वाळूतच दडून राहतो; त्याला हा दिवा गाठू शकत नाही. तिथे पाण्यात थोडे सोडियम सिलिकेट घालून डायटम वाढवतात. डायटमचे कवच सिलिकाचे असते. सिलिका मिळाली की ते वाळूवर पसरतात आणि अँफिडिनियमची जागा अडवतात.

तिसरा उपाय हाताने करायचा. नळीने चिकटा शोषून, अतिशय बारीक विणीच्या पिशवीतून गाळून, तेच पाणी परत सोडावे. तीन दिवस टाकी पूर्ण झाकून अंधार करण्याचीही रीत आहे. त्याने चिकटा ओसरतो, निरोगी प्रवाळ तेवढा अंधार सोसतात. पण पाणी निःसत्त्वच राहिले तर चिकटा परत येतो. जोडीला दुसऱ्या निरोगी टाकीतील थोडी वाळू किंवा सूक्ष्म जीव आणून सोडले तर ओस जागा लवकर भरते.

एक इशारा दिला पाहिजे. ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती तीव्र विष तयार करतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतील जिनोआच्या किनाऱ्यावर हा जीव वाढला, तेव्हा समुद्रावरून आलेले तुषार श्वासात जाऊन सुमारे दोनशे लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. म्हणून टाकीत हात घालताना हातमोजे घालावेत, डोळे जपावेत, आणि टाकीतला खडक कधीही उकळू नये. पाण्यातील विष काही अंशी शोषून घेण्यासाठी गाळणीत सक्रिय कोळसा ठेवावा.

राहता राहिला तो प्रश्न श्रोते नेहमी विचारतात : एखादे जालीम औषध ओतून हे सगळे एका दिवसात का संपवू नये? त्याचे उत्तर आरंभीच येऊन गेले आहे. प्रवाळाच्या शरीरातील पोशिंदा ह्याच कुळातला. जे विष एकाला मारील ते दुसऱ्याला सोडील, ह्याची हमी कोण देणार? शिवाय औषधाने उपयोगी जीवाणूही मेले तर जागा पुन्हा ओस पडते, आणि ओस जागेवर पहिला कोण येतो हे आपण पाहिले आहे.

चांगल्या मार्गाला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात काचेवर हिरवे शेवाळ धरू लागेल आणि टाकी ओंगळ दिसेल. पाहुण्यांपुढे थोडी लाज वाटली तरी चालेल; ते हिरवे शेवाळ घासून काढण्याची घाई करू नये. पाण्यात खाद्य टिकू लागल्याची ती खूण आहे. त्या सुमारास गोगलगायी मरायच्या थांबल्या आणि दुपारचे तंतू विरळ झाले, म्हणजे काम मार्गी लागले असे समजावे; आणि तरीही पाणी तपासण्याची वही आणखी महिनाभर चालू ठेवावी.