पडवीतला साठचा बल्ब

खेड तालुक्यातल्या घरांच्या पडवीत एक दिवा हमखास असतो. दिवेलागणीला लागला की बऱ्याच ठिकाणी तो उजाडल्यावरच बंद होतो. पावसाळ्यात साप-विंचवाचं भय असतं, आणि एरवीही अंधारात घर बरं दिसत नाही. उजेडावरचा खर्च कमी करायचा असेल, तर सुरुवात याच दिव्यापासून करावी. बल्ब किती वॅटचा आहे हे सगळे बघतात, पण तो किती तास जळतो हे फारसं कुणी मोजत नाही.

साठचा बल्ब रोज बारा तास जळला तर महिन्याला २१.६ युनिट वीज खातो. तेवढाच किंवा थोडा जास्तच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी सव्वातीन युनिटांत भागवतो. सगळे आकार धरून युनिटला आठ रुपये पकडले, तर महिन्याला साधारण १४७ रुपये वाचतात. शंभरएक रुपयांच्या बल्बचे पैसे महिन्याभरातच फिटले! याउलट न्हाणीघरातला साठचा बल्ब दिवसाला अर्धा तास लागत असेल, तर तो बदलून महिन्याला जेमतेम सहा रुपये सुटतात. तो उडेल तेव्हा बदलला तरी चालेल.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर असतो, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून चढा, आणि पुढे आणखी चढा. त्यामुळे वाचलेली युनिटं नेहमी वरच्या, म्हणजे सगळ्यांत महाग टप्प्यातून कमी होतात. महिन्याला ११५ युनिट वापरणारं घर एका पडवीच्या दिव्यावर शंभराच्या आत येऊ शकतं.

देवघरातला किंवा माजघरातला ‘झिरो’चा बल्बही तपासावा. नाव झिरो असलं तरी जुना तारेचा झिरो बल्ब साधारण १२ ते १५ वॅट ओढतो आणि रात्रभर चालू राहतो. एलईडीचा रात्रदिवा अर्ध्या वॅटवर चालतो.

तारेच्या बल्बमध्ये विजेतला जेमतेम विसावा भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. एलईडीत तार तापवावी लागत नाही. निळा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकावर पिवळसर लेप असतो आणि दोन्ही मिळून पांढरा उजेड पडतो. हा निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी भारतात सरकारी खरेदीत एक एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता. ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू झाली. एकगठ्ठा खरेदीमुळे २०१६ मध्ये हा भाव ३८ रुपयांपर्यंत उतरला आणि पुढे देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. गरिबाच्या घरापर्यंत नवं तंत्रज्ञान इतक्या लवकर पोचल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

खेडच्या शेजारी, चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेचं वीजगृह आहे. संध्याकाळी घरोघरी दिवे लागून मागणी चढते, तेव्हा कोयनेच्या विजेचा मोठा आधार असतो. पण या विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. ऐन संध्याकाळी वाचलेल्या युनिटाचं मोल म्हणूनच रुपयांपलीकडचं आहे.

खरेदी करताना वॅटबरोबर ल्युमेन वाचावेत, कारण उजेडाचं माप ते आहे. ९ वॅटला ९०० च्या आसपास ल्युमेन असावेत. खोक्यावर बीआयएसच्या नोंदणीची खूण आणि तारांकित लेबल पाहावं. गावाकडे व्होल्टेज वरखाली होतं. चांगल्या बल्बमधलं सर्किट ते सांभाळून घेतं, फुटपाथवरच्या स्वस्त मालात नेमकं तेच कच्चं असतं आणि बल्ब चार महिन्यांत लुकलुकायला लागतो. हवा न खेळणाऱ्या बंद काचगोळ्यात एलईडी बसवू नये, आतलं सर्किट तापून आयुष्य घटतं. पडवीसाठी पिवळसर उजेडाचा बल्ब बरा, पावसाळी किडे त्याच्याकडे कमी येतात.

मुंबईला राहणारे काही चाकरमानी घर बंद करून जाताना बाहेरचा दिवा रात्रंदिवस चालू ठेवतात. तिथे साठचा बल्ब असेल तर महिन्याला ४३ युनिट जातात, ९ वॅटच्या एलईडीला साडेसहा लागतात. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा आणि उजाडताच बंद होणारा सेन्सरचा होल्डर जोडला, तर तेही निम्म्यावर येतात. गणपतीला गावी आल्यावर वायरमनकडून हे काम तासाभरात करून घेता येतं.