खिशातली वही आणि संगणकाचं बिल

आमच्या मुरगूडच्या भागात उसाची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढली, की शेतकरी खिशातल्या वहीत वजन टिपून ठेवतो. पावती मिळणारच असते, तरी टिपतो. पंधरवड्याचं बिल आलं की दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतो. आज मी बोलणार आहे संगणकाबद्दल, पण ही वही तेवढी लक्षात असू द्या.

आम्ही चौघं मुरगुडात बसून बाहेरगावच्या कामांचे प्रोग्रॅम लिहितो. या धंद्यात २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आला, २०२५ मध्ये क्लॉड कोड. हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस. काम आपण सांगायचं, प्रोग्रॅम त्यानं लिहायचा. काही ठिकाणी ठरावीक वर्गणी असते, काही ठिकाणी जेवढा वापर तेवढे पैसे. आमचं खातं दुसऱ्या प्रकारचं, आणि चौघांत मिळून एकच. एका महिन्याला बिल आलं ते अंदाजाच्या तिप्पट! कुणी किती वापरलं, कुणालाच सांगता येईना. एकमेकांकडं संशयानं बघायची पाळी आली. तेव्हा घरातल्या जुन्या संगणकावर आम्ही मोजणीचा फलक उभा केला.

मोजायचं काय, तर टोकन. टोकन म्हणजे मजकुराचा तुकडा. कधी अख्खा शब्द, कधी दोन-चार अक्षरं. मराठी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा सहसा जास्त पडतात. त्यात लांबलेल्या संभाषणात आपण एक ओळ विचारली, तरी मागचं सगळं बोलणं आणि वाचलेल्या फायली यंत्राकडं पुन्हा जातात. अशा जुन्या मजकुराला बऱ्याचदा दर कमी लागतो, पण लागतो. सकाळचं संभाषण संध्याकाळपर्यंत ओढलं, की मीटर पळतच राहतं. आमचं बिल फुगलं होतं ते बरंचसं यानंच. उधळपट्टी कुणीच केली नव्हती.

फलकाला तीन प्रोग्रॅम लागतात आणि तिन्ही फुकट मिळतात. ओपनटेलिमेट्रीचा संग्राहक आकडे गोळा करतो. प्रोमिथियस ते वेळेसकट साठवतो. संगीत ऐकवणाऱ्या साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये त्याचं काम सुरू झालं. ग्राफाना त्यांचे आलेख काढतो. डॉकर असेल तर एका फायलीत तिघांची नावं लिहून एका आज्ञेत तिन्ही चालू होतात. मग प्रत्येकानं आपल्या यंत्रावर मदतनिसाची टेलिमेट्री चालू करायची, संग्राहकाचा पत्ता द्यायचा आणि कामाचं नावही जोडायचं. क्लॉड कोड दर मिनिटाला टोकन, अंदाजे खर्च, लिहिलेल्या ओळी असे आकडे पाठवतो. आपण विचारलेला मजकूर पाठवत नाही, मुद्दाम तशी सोय चालू केल्याशिवाय. ती चालू करू नये असं मी म्हणेन; गिऱ्हाइकाच्या गोष्टी त्यात असतात.

एका ठिकाणी आम्ही फसलो. प्रोमिथियसला वेगळं सांगितलं नाही, तर तो १५ दिवसांचेच आकडे ठेवतो. महिनाअखेरीला हिशेब जुळवायला बसलो, तर पहिला पंधरवडा गायब! आता ९० दिवसांची मुदत दिली आहे. ग्राफानाचा सुरुवातीचा पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक असतो, तो आधी बदला. आणि हा संगणक घरच्या नेटवर्कपुरताच ठेवा, बाहेर उघडू नका.

हे आकडे मदतनीसच पाठवतो आणि खर्च अंदाजे असतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. म्हणजे काटा त्यांचाच, वही फक्त आपली. बिल कंपनीचंच खरं धरायचं. पण तफावत दिसली, तर कोणत्या दिवसाबद्दल विचारायचं हे तरी कळतं.

लिहिलेल्या ओळींचा आलेख आम्ही पहिल्याच आठवड्यात काढून टाकला. कुणाच्या ओळी जास्त, यावर चेष्टा सुरू झाली होती, आणि आमच्यातल्या एकानं त्या आठवड्यात दोनशे ओळी खोडून प्रोग्रॅम सुधारला होता. आता फलकावर कामांची नावं आहेत आणि त्यांच्यापुढं खर्च. माणसांची नावं नाहीत.